परवाना कोणाचा, खटला कोणावर?

गांजा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चिलीम ओढणारा गोसावी उभा राहतो, नाहीतर पोलिसांनी पकडलेल्या पोत्यांचा वर्तमानपत्रातील फोटो. गांजा हा ग्रामपंचायतीचा, स्थानिक स्वराज्याचा विषय आहे असे कोणी म्हटले तर आपण हसू. माझा वर्गही हसला होता.

बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला मी स्थानिक शासन शिकवते. त्या दिवशी ग्रामपंचायतीच्या अधिकारांची यादी फळ्यावर लिहीत होते. दिवाबत्ती, पाणीपुरवठा, गटारे, जन्ममृत्यूची नोंद. मागच्या बाकावरचा, एरव्ही गप्प असणारा एक विद्यार्थी उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, गावात दारूचं दुकान कुणी काढायचं हे कोण ठरवतं? आन् गांजाचं झाड सापडलं तर ग्रामपंचायतीला काय अधिकार?" पोरे हसली. तो हसत नव्हता. पुढे कळले की त्याचा चुलता गायरानातल्या तुरीत सापडलेल्या झाडांपायी तुरुंगात होता, आणि त्याच गावाच्या वेशीवर सरकारमान्य देशी दारूचे दुकान वर्षानुवर्षे रीतसर चालू होते. एकच गाव, एकच रस्ता आणि नशेचे दोन धंदे. एकाला भिंतीवर टांगायला परवाना मिळाला होता. दुसऱ्याच्या वाट्याला खटला आला होता.

हा फरक त्या त्या पदार्थातील विषाने ठरलेला आहे काय? की कागद कोणाच्या हाती आहे यावरून ठरलेला आहे? प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे. नशेची वकिली करण्याचा माझा हेतू नाही. दारूने पोखरलेली घरे मी पाहिली आहेत आणि त्यांत माझे स्वतःचेही एक आहे. पण नशा चांगली की वाईट या वादात आपण गुंतून पडतो, आणि त्या वादाच्या आडून परवाना देणारा, घेणारा व त्यावर गबर होणारा वर्ग सुखेनैव निसटतो. म्हणून आधी कायद्याकडे पाहू.

१

गांजा, चरस आणि भांग ही तीन नावे आपण एकाच दमात घेतो. कायदा तसे करीत नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने झाडाचे राळ म्हणजे चरस आणि फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा अशी व्याख्या केली. शेंड्यांपासून वेगळी केलेली पाने आणि बिया तिच्यातून वगळल्या. भांग पानांची होते; म्हणून उत्तरेकडील काही राज्यांत भांगेची परवानाधारक दुकाने आजही उघडपणे चालतात. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या मद्यनिषेध कायद्याने भांगही बंधनात ठेवली आहे. म्हणजे एकाच झाडाचे पान एका राज्यात प्रसाद ठरते आणि दुसऱ्या राज्यात गुन्हा.

हा कायदा अचानक आकाशातून पडला नाही. १९६१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली अमली पदार्थांविषयीचा जागतिक करार झाला. आपल्यासारख्या देशांना गांजाचा परंपरागत वापर बंद करण्यासाठी त्यात पंचवीस वर्षांची सवलत मिळाली होती. ती मुदत सरत आली तेव्हा १९८५ च्या सप्टेंबरात या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि नोव्हेंबरात तो अमलात आला. तोवर अनेक प्रांतांत गांजा हा सरकारी परवान्याने पिकणारा, सरकारी कर भरून विकला जाणारा माल होता.

आज गांजा एक किलोपर्यंत सापडला तर ते 'अल्प प्रमाण' समजले जाते. वीस किलोंच्या पुढे ते 'व्यापारी प्रमाण' होते. त्याला दहा ते वीस वर्षांची सक्तमजुरी आहे आणि जामीन मिळणे महाकठीण आहे. झाड लावण्याच्या गुन्ह्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तेथे किलोचा हिशेब नाही. दोन झाडे आणि दोन एकर हे एकाच कलमाखाली येतात. मात्र याच कायद्याचे दहावे कलम गांजाच्या लागवडीस परवानगी देण्याचा व तिचे नियमन करण्याचा अधिकार राज्य सरकारला देते, आणि चौदावे कलम धागा व बी यांसाठी लागवड करू देण्याचा अधिकार सरकारला देते. तेव्हा ज्या कायद्याने तुरुंगाचे दार उघडले, त्यानेच परवान्याची खिडकीही ठेवली आहे. त्या खिडकीपाशी उद्या कोण उभा असेल, हा आपला प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी परवान्याचा जुना इतिहास चाळावा लागतो.

२

नशेचा परवाना ही वसाहतवादी सरकारची देणगी आहे. त्याआधी ताडी, मोहाची दारू, भांग या गोष्टी गावात, पाड्यावर, घरच्या घरी होत. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने दारू गाळण्याचा हक्क लोकांकडून काढून मोठ्या आसवनीकडे आणि मक्तेदाराकडे दिला. १८९२ मध्ये तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले गोळा करण्यावर व बाळगण्यावर कायद्याने बंधन आले. ज्या आदिवासीच्या अंगणात मोह उभा होता, तो फुले वेचताच गुन्हेगार झाला. आणि ज्याने मक्ता घेतला तो प्रतिष्ठित व्यापारी झाला. फुले तीच होती. कागद बदलला होता.

गांजाच्या बाबतीत इंग्रज सरकारने १८९३ मध्ये एक आयोग नेमला. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते. सात सभासदांपैकी तीन भारतीय होते, आणि तिघेही राजे, सरदार, लाला या थरातले. हजाराहून अधिक साक्षी घेऊन आयोगाने १८९४ मध्ये निष्कर्ष काढला की संपूर्ण बंदी आवश्यकही नाही आणि व्यवहार्यही नाही. लागवड परवान्याखाली आणावी, दुकानांची संख्या मर्यादित ठेवावी, भरपूर कर बसवावा, बाळगण्याची मर्यादा ठरवावी, अशा त्याच्या शिफारशी होत्या. आज जगात जेथे जेथे गांजाचा कायदेशीर धंदा सुरू झाला आहे, तेथील नियमांचा सांगाडा जवळपास हाच आहे.

परवाना म्हटला की तो धनदांडग्याचाच, असे मात्र नाही. एक वेगळे उदाहरण बंगालमध्ये घडले. राजशाही जिल्ह्यातील नौगाव (आज बांगलादेशात) हा परवान्याने गांजा पिकविणारा मुलूख होता. तेथे पिकवणारा लहान शेतकरी आणि नफा खाणारा दलाल अशी नेहमीची रचना होती. १९१७ मध्ये तेथील उत्पादकांची सहकारी संस्था स्थापन झाली. तिने दलालाची मगरमिठी सोडवली आणि नफ्यातून शाळा व दवाखाने चालविले. बांगलादेशात १९८७ मध्ये लागवड बंद होईपर्यंत हे पीक तेथे परवान्यावर उभे होते. नशेच्या पैशातून शाळा उभी राहावी की नाही यावर वाद घालता येईल. पण परवाना एका शेटच्या नावे असणे आणि तो हजारो लहान शेतकऱ्यांच्या संस्थेच्या नावे असणे यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, हे नौगावने दाखविले.

आपला धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याच्या तिजोरीत आबकारीचा वाटा मोठा होता. शिंदीच्या झाडाला पैशाचे झाड मानणारी ती राजवट होती. म्हणूनच १९४७ च्या लढ्यात मराठवाड्यात ठिकठिकाणी शिंदीची झाडे तोडण्याचा कार्यक्रम झाला. राजाच्या खजिन्यावर घाव घालायचा तर कुऱ्हाड शिंदीवर पडली पाहिजे, हे साध्या माणसालाही उमगले होते. राजवट गेली. नशेवर चालणारी तिजोरी मात्र गेली नाही. तिचा फक्त धनी बदलला.

३

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. या साऱ्या व्यवहारात गाव कोठे आहे?

१९८५ च्या कायद्याचे सत्तेचाळिसावे कलम वाचण्यासारखे आहे. कोणत्याही जमिनीत गांजा, अफू किंवा कोका यांची बेकायदा लागवड झाल्याचे समजताच त्याची खबर ताबडतोब पोलिसांना वा संबंधित खात्याला देण्याचे बंधन सरकारी अधिकाऱ्यांवर, आणि त्यांच्या जोडीने प्रत्येक पंच, सरपंच व गावकामगारावर आहे. खबर देण्यात कसूर केली तर शिक्षा. एवढ्या मोठ्या कायद्यात गावाच्या निवडून आलेल्या प्रतिनिधीला दिलेले काम काय, तर खबऱ्याचे! परवाना द्यावा की देऊ नये, दिला तर शाळेपासून किती अंतरावर, कराचा वाटा कोणाला, यांपैकी एकाही गोष्टीत त्याचे मत विचारलेले नाही.

हे वाचताना मला गावगाड्यातील जुनी चाकरी आठवते. येस्करकी करणाऱ्या महाराने गावात आलेल्या-गेलेल्याची खबर पाटलाला द्यायची, चोरीचा माग काढायचा, आणि चूक झाली तर मारही त्यानेच खायचा. निर्णय मात्र चावडीवर बसलेल्यांनी घ्यायचा. आज सरपंचाची खुर्ची आरक्षणाने आपल्यातील एखाद्या बाईला मिळते तेव्हा आपण गुलाल उधळतो, आणि तो उधळलाच पाहिजे. पण त्या खुर्चीला जोडलेल्या अधिकारांचा हिशेबही मांडला पाहिजे. नशेच्या बाबतीत ती खुर्ची अजून येस्करकीच करते आहे.

१९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींना एकोणतीस विषय सुचविले. त्या यादीत मादक पदार्थांचे नियमन नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने मात्र अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला मादक पदार्थांच्या विक्रीवर बंदी घालण्याचा वा निर्बंध घालण्याचा अधिकार दिला. गडचिरोलीतील पाड्याला जो अधिकार कायद्याने मिळाला, तो परंड्याच्या, भूमच्या, लोहाऱ्याच्या गावाला नाही, कारण आपला जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही.

आपल्या हाती आहे ती फक्त बाटली. महाराष्ट्र शासनाच्या २००८ च्या आदेशानुसार गावातील किमान पंचवीस टक्के महिलांनी किंवा एकूण मतदारांनी मागणी केली, तर दारूचे दुकान बंद करण्यासाठी गुप्त मतदान घ्यावे लागते. 'उभी बाटली' म्हणजे दुकान राहू द्या, 'आडवी बाटली' म्हणजे बंद करा. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही कळेल असे हे चिन्ह आहे आणि त्याच्या मागे राज्यभरातील बायांच्या चळवळीचे बळ आहे. पण त्यात एक मेख आहे. आडव्या बाटलीला मतदानास आलेल्यांची नव्हे, तर नोंदलेल्या मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात.

या अटीचा अर्थ आपल्या जिल्ह्यात काय होतो, ते मी माझ्या आईच्या तोंडून ऐकले आहे. तिच्या गावात बायांनी अंगठे व सह्या गोळा केल्या. पडताळणीला साहेब आले ते भर दुपारी, बाया रानात असताना. तेही निभावले. मतदान झाले तेव्हा गावातली कितीतरी घरे कोयता घेऊन कारखान्यावर गेलेली होती. आलेल्या बायांपैकी बहुतेकींनी बाटली आडवी केली, तरी दुकान उभेच राहिले. जी बाई उसाच्या फडात होती, जिचा नवरा त्याच दारूपायी मुकादमाकडून दुप्पट उचल घेऊन बसला होता, तिची गैरहजेरी उभ्या बाटलीच्या खात्यात जमा झाली. आमदार निवडताना आपण आलेली मते मोजतो. दुकान बंद करताना मात्र न आलेली माणसेही दुकानदाराच्या बाजूने मोजतो. हे कोणत्या लोकशाहीचे गणित आहे?

या प्रश्नाला आपल्याकडे जुनी परंपरा आहे. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना, १८८० मध्ये, शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध त्यांनी नगरपालिकेच्या अध्यक्षांना लेखी कळविले होते. नशेच्या दुकानाचा प्रश्न हा त्या वस्तीत राहणाऱ्यांचा आणि म्हणून स्थानिक संस्थेचा प्रश्न आहे, हे जोतीरावांनी एकशे चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी ओळखले होते.

४

गावाला अधिकार नाही, हे झाले. मग परवाना आहे कोणाकडे?

महाराष्ट्रात देशी दारूच्या आणि विदेशी मद्याच्या किरकोळ दुकानांचे नवे परवाने देणे सत्तरच्या दशकापासून जवळजवळ थांबलेले आहे. वरवर पाहता हे धोरण नशेला आळा घालणारे वाटते. प्रत्यक्षात काय झाले? ज्यांच्याकडे तेव्हा भांडवल, ओळख आणि जागा होती, त्यांच्या हाती परवाने राहिले. आणि नवे निघत नाहीत म्हणून जुन्या कागदाची किंमत वाढत वाढत कोटीच्या घरात गेली. त्या दशकात आपला समाज नुकताच दुष्काळी कामावरची खडी फोडून उठत होता. तेव्हा आपल्याला दुकान काढता आले नाही, आणि आता काढू म्हटले तरी दार बंद. बंदीच्या नावाखाली ही वतनदारीच तयार झाली. वंशपरंपरा, हस्तांतर, भागीदारी, सारी वतनाचीच लक्षणे.

या धंद्याच्या मुळाशीही जरा पाहा. देशी दारू मळीच्या मद्यार्कातून होते, आणि मळी उसातून निघते. ऊस ज्याचा, कारखाना त्याचा, आसवनी त्याच्या मर्जीतल्याची. ऊस तोडणारा मात्र वाशी-कळंब-भूमच्या माळरानावरचा, बहुतेक भूमिहीन. तो ऊस तोडतो, त्याच उसाची दारू विकत घेतो आणि उरलेली मजुरी उचलीत फेडतो. पारधी वस्तीवर हातभट्टी लागली तर धाड पडते, भांडी फुटतात, बायांना गाडीत घालतात. १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरविलेला हा समाज १९५२ मध्ये कागदावर मुक्त झाला. पोलिसांच्या नजरेत अजून झालेला नाही.

गांजाचेही तेच. आंध्र-ओडिशाच्या सीमेवरील डोंगरातून निघालेला माल हैदराबाद-सोलापूर महामार्गाने, म्हणजे आपल्या उमरग्यावरून, पश्चिमेकडे जातो. पकडला जातो तो गाडीचा चालक, पोते वाहणारा. माल कोणाचा, हे खटल्याच्या कागदात क्वचितच उमटते. मुंबईतील २०१७-१८ च्या खटल्यांचा अभ्यास विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने केला, तेव्हा गांजा ओढल्याबद्दल पकडलेले बहुतेक लोक रोजंदारीवरचे, झोपडपट्टीतले वा रस्त्यावर राहणारे आढळले. श्रीमंतांच्या बंगल्यात गांजा ओढला जात नाही असे कोणी म्हणणार आहे काय? देशाच्या तुरुंगांत अनुसूचित जातींचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येतील प्रमाणाहून अधिक आहे, हे सरकारचेच आकडे वर्षामागून वर्षे सांगत आले आहेत.

अमेरिकेतील काळ्या समाजाची कहाणी आपल्याला परकी नाही. दलित साहित्याच्या चळवळीने त्यांच्याकडे भावंडाच्या नात्याने पाहिले आहे. तेथे गोरे आणि काळे साधारण सारख्याच प्रमाणात गांजा ओढत असताना, तो बाळगल्याबद्दल अटक होण्याची शक्यता काळ्या माणसाच्या बाबतीत सुमारे पावणेचार पट होती, असे अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनच्या २०१३ च्या अहवालाने दाखविले. पुढे एकेका राज्यात गांजा कायदेशीर झाला. कॅलिफोर्नियात २०१६ मध्ये लोकांनी मतदानाने तो मान्य केला आणि २०१८ पासून दुकाने उघडली. तेथे दुहेरी मान्यता लागते. राज्याचा परवाना एक आणि नगरपालिकेची मंजुरी दुसरी. शहराला दुकान नको असेल तर ते सरळ नाही म्हणू शकते. मुख्यतः काळ्या व लॅटिनो कष्टकऱ्यांचे शहर असलेल्या कॉम्प्टनच्या मतदारांनी २०१८ च्या जानेवारीत तसे नाही म्हटलेही. कर किती, शाळेपासून अंतर किती, एका शहरात दुकाने किती, हे नगरपालिका ठरविते.

पण परवाने निघाले तेव्हा रांगेत पुढे उभे होते ते गोरे भांडवलदार. काल जो पदार्थ विकल्याबद्दल काळा तरुण तुरुंगात गेला, तोच पदार्थ आज काचेच्या दुकानात गोरा विकू लागला. हा अन्याय ओळखून ओकलंड नगरपालिकेने २०१७ मध्ये नियम केला की सुरुवातीचे निम्मे परवाने कमी उत्पन्नाच्या अशा रहिवाशांना द्यायचे, ज्यांना त्या शहरात गांजाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली होती किंवा जे पोलिसी कारवाईने होरपळलेल्या वस्त्यांत दीर्घकाळ राहिले होते. ज्याच्यावर खटला, त्याला परवाना. कल्पना क्रांतिकारक होती. तरी पुढे काय झाले? परवाना मिळाला, भांडवल नव्हते. बँक दारात उभी करीना. मग पैसेवाला भागीदार आला; पाटीवर नाव काळ्याचे आणि गल्ला गोऱ्याचा, अशी प्रकरणे घडली. हे वाचताना आपल्याला आपल्याच गावातील 'सरपंचपती' आठवला नाही तर नवल.

आपल्या शेजारीच असा एक प्रयोग झाला आहे. उमरग्याहून महामार्गाने पूर्वेला गेले की कर्नाटक ओलांडून तेलंगण लागते. १९५६ पर्यंत ते आणि आपण एकाच राज्यात होतो. तेलंगण सरकारने २०२१ च्या मद्यविक्री धोरणात ताडी काढणाऱ्या गौड समाजाला पंधरा टक्के, अनुसूचित जातींना दहा टक्के व जमातींना पाच टक्के दुकाने राखून ठेवली. परवान्याला जात असते, ही गोष्ट निदान त्या सरकारने मान्य केली. पण तेथे नुसत्या अर्जाची परत न मिळणारी फी लाखांत आहे. अर्ज करण्याचीच ऐपत नसलेल्याला राखीव जागेचा उपयोग किती, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

५

कोणी म्हणेल, महाराष्ट्रात गांजाचा परवाना निघालेला नाही, मग ही चर्चा कशासाठी? कारण वारे त्या दिशेने वाहू लागले आहे. उत्तराखंडाने २०१८ मध्ये धागा व औषधांच्या कच्च्या मालासाठी कमी नशेच्या भांगेच्या लागवडीस परवाने देण्यास सुरुवात केली. हिमाचलच्या मंत्रिमंडळाने २०२५ च्या जानेवारीत लागवडीच्या अभ्यासप्रकल्पास मान्यता दिली. कमी पाण्यावर येणारे पीक म्हणून उद्या हाच विषय मराठवाड्याच्या दुष्काळी माळावर आला तर आश्चर्य वाटायला नको. तो आला म्हणजे जागे होण्यापेक्षा आधी विचार केलेला बरा.

अशा लागवडीची मुख्य अट म्हणजे झाडातील नशा आणणाऱ्या द्रव्याचे प्रमाण ०.३ टक्क्यापेक्षा कमी हवे. हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी प्रमाणित बियाणे लागते, प्रयोगशाळा लागते. पीक मर्यादेबाहेर गेले तर ते नष्ट करावे लागते आणि खटल्याची टांगती तलवार राहते. हा धोका कंपनी पेलू शकते. दीड एकराचा शेतकरी पेलू शकत नाही. शिवाय लागवडीच्या परवान्यासाठी जमीन दाखवावी लागते. देशात कसल्या जाणाऱ्या जमिनीपैकी अनुसूचित जातींच्या हाती दहा टक्केही जमीन नाही. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहापासून आपल्या माणसांनी मराठवाड्यात गायराने कसली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ मध्ये घेतला. तरी कित्येकांच्या नावाने सातबारा अजून निघालेला नाही.

आता ही विसंगती नीट पाहा. गायरान कसणाऱ्याला परवाना मागायचा असेल, तर ती जमीन त्याची नाही. पण त्याच गायरानात झाड सापडले, तर ती जमीन त्याच्याच ताब्यातली! त्या विद्यार्थ्याच्या चुलत्याची गोष्ट एवढीच आहे. ते झाड त्याने लावले की आणखी कोणी, हे न्यायालय ठरवील. पण पेरणीसाठी कर्ज मागताना ज्या जमिनीवर त्याचा हक्क कोणी मानला नाही, त्याच जमिनीवर त्याचा ताबा पंचनाम्यात एका दुपारी सिद्ध झाला.

६

नशेबाबत बाबासाहेबांची भूमिका काय होती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. १९५१ च्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या निवडणूक जाहीरनाम्यात दारूबंदीला स्पष्ट विरोध आहे. बंदी उठवून आबकारीचे उत्पन्न वाचवावे, लोककल्याणाला पैसा उभा करावा, असे त्यात मांडलेले आहे. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. वरवर पाहणाऱ्याला यात विरोध दिसेल. मला तो दिसत नाही. माणसाने नशेपासून दूर राहावे, पण ते स्वतःच्या विवेकाने आणि स्वाभिमानाने. पोलिसाच्या दंडुक्याने नव्हे. कायद्याचा हिशेब वेगळा ठेवायचा. तो महसुलाचा, न्यायाचा आणि समान वागणुकीचा हिशेब आहे. एक माणसाने स्वतःशी करायचा करार आहे, दुसरा राज्याने नागरिकांशी.

या दोन कसोट्यांवर आपली मागणी उभी राहू शकते. पहिली गोष्ट, नशेच्या कोणत्याही धंद्याचा परवाना देण्याआधी ग्रामसभेची संमती लागली पाहिजे. पेसा क्षेत्रातील गावाला असलेला अधिकार प्रत्येक गावाला मिळाला पाहिजे आणि बाटलीच्या मतदानात आलेली मते मोजली पाहिजेत. दुसरी, परवान्याआधी खटल्यांचा विचार झाला पाहिजे. कॅलिफोर्नियाने कायदा बदलताना जुन्या शिक्षा कमी करण्याची, पुसून टाकण्याची तरतूद केली. आपल्याकडे कंपनीला लागवडीचा परवाना द्यायचा आणि दोन झाडांचा आरोपी तुरुंगात सडवायचा, असे होता कामा नये. तिसरी, परवाना द्यायचाच असेल तर तो नौगावच्या वाटेने, भूमिहीन व गायरानधारकांच्या संस्थेला, भांडवलासह दिला पाहिजे; नुसते राखीव नाव नको. आणि चौथी, या धंद्याच्या महसुलातील ठरावीक वाटा त्या त्या गावाच्या हाती, व्यसनमुक्तीच्या कामासाठी पडला पाहिजे. २०२५ मध्ये तुळजापूर मेफेड्रोनच्या प्रकरणाने गाजले, तेव्हा आपल्या तरुणांच्या व्यसनमुक्तीसाठी जिल्ह्यात काय सोय आहे, याची चर्चा अटकेच्या बातम्यांपुढे फारशी ऐकू आली नाही.

पुढच्या तासाला मी त्या विद्यार्थ्याला उत्तर दिले. फळ्यावर ग्रामपंचायतीच्या अधिकारांची यादी पुन्हा लिहिली आणि तिच्याखाली एक रेघ मारून लिहिले : 'गांजाबाबत : खबर देणे. दारूबाबत : नोंदलेल्या मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते मिळाल्यास दुकान बंद करवणे.' मुलांनी ते वहीत उतरवून घेतले. त्याने वही मिटली आणि विचारले, "मॅडम, हे बदलायचं कोणी?" त्या प्रश्नाचे उत्तर अभ्यासक्रमात नाही. ते ग्रामसभेत आहे, आणि ग्रामसभेला आपण जात नाही.